बीकॉमच्या १३२ क्रेडिटमध्ये कॉमर्स नेमकं किती?

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी हेच. पोरगं घरी प्रॉस्पेक्टस आणतं किंवा वेबसाइटवरून पीडीएफ उतरवतं, आई-वडील चष्मा लावून बघतात आणि पहिल्याच पानावर गाडी अडते. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी. वडील स्वतः बीकॉम झालेले असतात, त्यांच्या वेळी अकाउंट्स, इको, कॉमर्स, मॅथ्स अशी सरळ यादी होती, आणि आता हे एबीसीडी बघून ते विचारतात की यात अकाउंट्स कुठंय? प्रश्न एकदम रास्त आहे आणि कॉलेजच्या खिडकीवर त्याचं धड उत्तर मिळत नाही, कारण खिडकीवरच्या माणसामागे अजून पन्नास जण उभे असतात. म्हणून इथे जरा निवांत बघू.

आधी नावांचा घोळ

बिझनेस शिकायचं म्हटलं की आपल्याकडे बीकॉम, बीएमएस, बीबीए, बीएएफ, आणि आता "बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज)" अशी नावं येतात. या शेवटच्या नावाची गंमत अशी की २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे कोर्स एआयसीटीईच्या कक्षेत आले, म्हणजे जी संस्था इंजिनिअरिंग कॉलेजांना मान्यता देते तिच्याकडे, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात या कोर्सेससाठी सीईटी सुरू झाली. पालकांना कळेपर्यंत परीक्षा होऊन गेली, सीट जास्त नि परीक्षा देणारी मुलं कमी, मग दुसऱ्यांदा सीईटी घ्यावी लागली. मुंबईतल्या बऱ्याच कॉलेजांनी यातून वाट काढली, कोर्सचं नावच बदलून टाकलं. बीएमएसचं झालं बीकॉम इन मॅनेजमेंट स्टडीज. बीकॉमला एआयसीटीई नाही, सीईटी नाही. तेव्हा तुमच्या भाच्याला "बीएमएस मिळालं" असं कोणी सांगितलं तर डिग्रीवर काय छापून येणार हे एकदा विचारून घ्या. नोकरीला फारसा फरक पडेल असं मला वाटत नाही, पण माहीत असलेलं बरं.

यातलं कुठलंही घेतलं तरी आतली रचना आता जवळपास सारखीच आहे. नवीन शैक्षणिक धोरण महाराष्ट्रात स्वायत्त कॉलेजांमध्ये २०२३-२४ पासून आणि बाकीच्या संलग्न कॉलेजांमध्ये २०२४-२५ पासून लागू झालं, त्याचा साचा एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयात आहे. नंतर त्यात थोडे बदल झाले, प्रत्येक युनिव्हर्सिटीने आपापली फोडणीही दिली, त्यामुळे तुमच्या कॉलेजचा तक्ता दोन-चार क्रेडिटने इकडेतिकडे असू शकतो. सांगाडा तोच.

क्रेडिट म्हणजे काय हो?

क्रेडिट म्हणजे शिकण्याच्या वेळेचं माप, बाकी काही नाही. एका सेमिस्टरमध्ये आठवड्याला एक तास लेक्चर, असे साधारण १५ तास झाले की १ क्रेडिट. प्रॅक्टिकल किंवा प्रोजेक्ट असेल तर तेवढ्याच १ क्रेडिटला ३० तास. ४ क्रेडिटचा पेपर म्हणजे आठवड्याला चार लेक्चरं, २ क्रेडिटचा म्हणजे दोन. मार्कांचंही बहुतेक ठिकाणी तसंच, ४ क्रेडिटला १०० मार्क, २ क्रेडिटला ५०.

एका सेमिस्टरला २० ते २२ क्रेडिट. २२ धरले तर तीन वर्षांचे, म्हणजे सहा सेमिस्टरचे १३२. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचा सगळा हिशोब यातूनच निघतो.

१३२ ची वाटणी

शासन निर्णयातला साचा २२ च्या हिशोबाने मांडला तर असं निघतं. मेजर, म्हणजे तुमचा मुख्य विषय (अकाउंटन्सी, कॉमर्स, मॅनेजमेंट, जे असेल ते), याला ५६. मायनर, म्हणजे जोडविषय, याला १८. ओपन इलेक्टिव्ह उर्फ ओई, जो दुसऱ्याच शाखेतला घ्यायचा असतो, कॉमर्सवाल्याने सायन्स किंवा आर्ट्सचा, त्याला १२. मग स्किलचे दोन डबे, व्हीएससी ८ आणि एसईसी ६. यातला व्हीएससी मेजरला धरून असतो, टॅलीसारखं सॉफ्टवेअर, जीएसटीचं रिटर्न भरणं वगैरे, आणि एसईसी सर्वसाधारण, एक्सेल किंवा प्रेझेंटेशनसारखं. भाषांचे, म्हणजे इंग्रजी-मराठी-हिंदीचे एईसी ८. पर्यावरण, संविधान असल्या विषयांचे व्हीईसी ४. भारतीय ज्ञानपरंपरेचे २. एनएसएस, एनसीसी, खेळ, योग, नाटक-बिटक यांचे सीसी ८. फील्ड प्रोजेक्ट आणि समाजात जाऊन करायचं काम मिळून ६. आणि शेवटच्या सेमिस्टरला ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन शिकणं, ४ क्रेडिट.

बेरीज करून बघा, १३२ होते. या प्रत्येक डब्याला कॉलेजच्या कागदांवर "व्हर्टिकल" म्हणतात आणि डब्यातल्या पर्यायांच्या यादीला "बास्केट". एवढी दोन नावं माहीत असली तरी खिडकीवर निम्मं काम होतं.

मग वडिलांचा प्रश्न: अकाउंट्स कुठंय?

फ्लॅट घेताना बिल्डर सुपर बिल्टअप सांगतो आणि चावी हातात आली की कार्पेट कळतो, तसलाच प्रकार आहे हा. डिग्री १३२ ची, त्यात मेजरचा कार्पेट ५६, म्हणजे ४२ टक्क्यांच्या आसपास. जिना, लिफ्ट, लॉबी लागतातच, त्यांच्याशिवाय घरात पोचणार कसे, पण जिन्यात पलंग टाकता येत नाही. व्हीएससीचे ८ मेजरशी जोडलेले म्हणून तेही धरले आणि ओजेटीचे ४ धरले तर ६८ होतात, निम्म्याच्या जरासे वर. म्हणजे बीकॉम घेतलेल्या मुलाचा अर्धा वेळ त्याच्या मुख्य विषयात जातो, उरलेला अर्धा बाकीच्यात. यात वाईट काही नाही, फक्त हे कोणी अ‍ॅडमिशनच्या वेळी सांगत नाही.

आणि खरी मेख पुढेच आहे. हे ५६ सारखे पसरलेले नाहीत. पहिल्या सेमिस्टरला २२ पैकी मेजर फक्त ६, एक ४ चा पेपर आणि एक २ चा. दुसऱ्यालाही ६. तिसऱ्या-चौथ्याला ८-८. आणि पाचव्या-सहाव्याला थेट १४-१४. म्हणजे एफवायचं (पहिल्या वर्षाचं) पोरगं घरी येऊन सांगतं की "काही शिकवतच नाहीत, नुसतं योगा आणि संविधान", ते खोटं बोलत नसतं, त्याच्या टाइमटेबलात खरंच तसं दिसतं. आणि तेच पोरगं टीवायला (तिसऱ्या वर्षाला) गेलं की म्हणतं "अचानक एवढं कुठून आलं". अचानक काही नाही, तक्त्यात आधीपासून लिहिलेलं होतं. सगळा जड माल शेवटच्या डब्यात भरलाय. माझं मत विचाराल तर हे जरा जास्तच शेवटाला ढकललंय, अकाउंट्ससारखा विषय हाताला लागायला वेळ लागतो, एफवायला त्याला अजून दोन क्रेडिट दिले असते तर बिघडलं नसतं.

मार्कशीट फसवते ती अशी

आता टक्के नाहीत, ग्रेड आहेत. यूजीसीच्या (विद्यापीठांचे नियम ठरवणाऱ्या केंद्राच्या आयोगाच्या) दहा पॉइंटच्या पट्टीत ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, असं खाली खाली. प्रत्येक पेपरचा पॉइंट त्याच्या क्रेडिटने गुणायचा, सगळ्यांची बेरीज करायची, २२ ने भागायचं. आला तो एसजीपीए, त्या सेमिस्टरची सरासरी. सगळ्या सेमिस्टरची मिळून सीजीपीए.

एक नमुना घेऊ, पहिल्या सेमिस्टरचा. एका मुलीला अकाउंट्सच्या ४ क्रेडिटच्या पेपरात बी मिळाला, म्हणजे ६ गुणिले ४, २४. दुसऱ्या छोट्या मेजर पेपरात बी प्लस, १४. दोन्ही ओईत ए, मिळून ३२. व्हीएससीत ए, १६. एसईसीत ए प्लस, १८. भाषेत बी प्लस, १४. पर्यावरणात ए, १६. ज्ञानपरंपरेत ए प्लस, १८. एनएसएसमध्ये ओ, २०. बेरीज १७२, भागिले २२, एसजीपीए ७.८२. छान आहे, घरी पेढे.

आता दुसरी मुलगी. तिला अकाउंट्समध्ये ओ, म्हणजे ४०. दुसऱ्या मेजर पेपरात ए प्लस, १८. बाकी सगळ्यात सरसकट बी प्लस, १६ क्रेडिटचे ११२. बेरीज १७०, एसजीपीए ७.७३.

जिला अकाउंट्स उत्तम येतं तिचा आकडा कमी आलाय! कारण पहिल्या वर्षी मेजरचं वजनच तेवढं नाही. म्हणून एफवायच्या एसजीपीएवरून मुलाला विषय कळलाय की नाही हे ठरवू नका, मार्कशीटवरची अकाउंट्सची एक ओळ शोधा आणि तिथली ग्रेड बघा. पहिल्या मुलीच्या आई-वडिलांना ७.८२ बघून वाटेल सगळं ठीक आहे, आणि टीवायला जेव्हा १४ क्रेडिट मेजरचे येतील तेव्हा तोच कच्चा पाया सगळा आकडा खाली ओढेल. दुसरीचं उलट होईल, तिचा सीजीपीए वर चढत जाईल.

"पण अर्धे विषय फालतूच आहेत ना?"

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि तो पूर्ण खोटाही नाही. पण जुनं आठवून बघा. मुंबई युनिव्हर्सिटीच्या जुन्या एफवायबीकॉमला अकाउंट्स, कॉमर्स, बिझनेस इकॉनॉमिक्स, मॅथ्स-स्टॅट यांच्याबरोबर बिझनेस कम्युनिकेशन, ईव्हीएस आणि फाउंडेशन कोर्स होताच की. एफसीच्या लेक्चरला किती जण बसायचे ते आपणच आठवावं. तेव्हा ते सगळं एकाच यादीत होतं म्हणून डोळ्यांवर आलं नाही, आता प्रत्येकाला वेगळा डबा आणि वेगळं नाव दिलंय म्हणून ढीग वाटतो.

फालतू की कामाचं हे बऱ्याचदा शिकवणाऱ्यावर असतं. एक्सेलचा एसईसी कॉम्प्युटर लॅबमध्ये बसवून शिकवला तर तीन वर्षांतली सगळ्यात उपयोगी २ क्रेडिट तीच, आणि फळ्यावर एक्सेल शिकवलं (असंही चालतं!) तर वेळ वाया. ओईचं पण तसंच. बारावीला जे शिकलात तेच परत ओईत घेता येत नाही असा नियम आहे, त्यामुळे सोपे मार्क काढायची एक वाट बंद आहे. मग मुलं "कुठला सोपा जातो" हे सिनिअरला विचारून बास्केटमधला पहिला दिसेल तो टिकमार्क करतात. १२ क्रेडिट असे उडवायचे म्हणजे जवळपास अर्धं सेमिस्टर गेलं. सायकॉलॉजी, डेटाची तोंडओळख, पत्रकारिता असलं काही बास्केटमध्ये असेल तर मार्केटिंगकडे जाणाऱ्याला त्याचा थेट उपयोग आहे.

मायनरकडे दुर्लक्ष करू नका

ओई चुकला तर चालतं, दोन-दोन क्रेडिटचे तुकडे असतात. मायनर चुकलं की निस्तरायला अवघड. ते दुसऱ्या सेमिस्टरला २ क्रेडिटने हळूच सुरू होतं आणि मग तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत दर सेमिस्टरला ४-४. चुकीचं मायनर घेतलं तर चार सेमिस्टर ते डोक्यावर बसतं.

नियमाप्रमाणे मायनर आपल्याच शाखेतला वेगळा विषय चालतो किंवा दुसऱ्या शाखेतला. मेजर अकाउंटन्सी आणि मायनर कॉमर्स हे जोडपं सगळीकडे दिसतं कारण कॉलेजला शिक्षक आहेत. वाईट नाही, पण त्यातून नवीन काय मिळालं? त्याऐवजी स्टॅटिस्टिक्स, बिझनेस इकॉनॉमिक्स किंवा बँकिंग मिळत असेल तर मी ते आधी बघेन. पुढे एमबीएची सीईटी किंवा कॅट द्यायची असेल तर आकड्यांची सवय राहते, आणि बँकेच्या परीक्षा देणाऱ्याला इको कामाला येतं. मॅथ्सची भीती असेल तर ओढूनताणून स्टॅट घेऊ नका, केटी लागली, म्हणजे विषय राहिला, की सगळं मुसळ केरात.

"एका वर्षात सोडता येतं म्हणे?"

येतं. पहिलं वर्ष पूर्ण करून, ४४ क्रेडिट मिळवून बाहेर पडलात तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी ८८ वर डिप्लोमा, तीन वर्षांनी १३२ वर डिग्री, चार वर्षांनी १७६ वर ऑनर्स. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर निघायचं तर वर ४ क्रेडिटचा स्किल कोर्स किंवा इंटर्नशिप करावी लागते. तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत डिग्री पुरी करायची.

मिळवलेले क्रेडिट अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स नावाच्या ऑनलाइन खात्यात जमा होतात, त्याचा आयडी कॉलेज अ‍ॅडमिशनला मागतंच, डिजिलॉकरवरून निघतो.

पण एफवायनंतरच्या सर्टिफिकेटला नोकरीत किंमत किती, तर आत्ता तरी फारशी नाही. आणि कारण वर आलंच, पहिल्या वर्षात मेजरचे १२ क्रेडिट झालेले असतात, तेवढ्यावर कोण अकाउंटंट म्हणून घेणार? या सोयीचा खरा उपयोग वेगळा आहे. घरी अडचण आली, वडिलांचं आजारपण, फी भरायला पैसे नाहीत, लग्न झालं, अशा वेळी पूर्वी झालेलं वर्ष पाण्यात जायचं, आता ते खात्यात राहतं. मुलींच्या बाबतीत तर हे फार कामाचं आहे असं मला वाटतं.

"मग चौथं वर्ष करायचं का?"

सक्ती नाही. तीन वर्षांवर बीकॉमची डिग्री पूर्वीसारखीच मिळते आणि बँक, एमपीएससी, यूपीएससी, एमबीए सगळ्याला ती चालते. चौथं वर्ष करणाऱ्याला एमकॉम एका वर्षात होतं, म्हणजे एकूण वर्षं तेवढीच, तीन अधिक दोन किंवा चार अधिक एक. पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के किंवा जास्त असतील तर ऑनर्स विथ रिसर्च करता येतं, आणि पुढे नेट (प्राध्यापकीसाठीची परीक्षा), पीएचडीकडे जायचं असेल तर ही वाट जवळची आहे. परदेशात मास्टर्सला जाणाऱ्यांनाही चार वर्षांची डिग्री काही ठिकाणी सोयीची पडते. बाकीच्यांनी तीन वर्षांत डिग्री घेऊन कामाला लागलं तरी काही अडत नाही.

सीए करणाऱ्यांचं काय?

यांची गंमतच आहे. बहुतेक जण बारावीनंतर फाउंडेशन, म्हणजे सीएची पहिली परीक्षा, देऊन बीकॉम "साइडला" करतात. इंटर, म्हणजे त्याची दुसरी परीक्षा, झाली की दोन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखाली काम शिकणं, तिथे दिवसभर ऑफिस, आणि इथे कॉलेजात इंटर्नल, प्रोजेक्ट, ७५ टक्के हजेरी. पूर्वी परीक्षेपुरतं तोंड दाखवून बीकॉम व्हायचं, आता बऱ्याच ठिकाणी ४० मार्क इंटर्नलचे आहेत आणि सीसी, फील्ड प्रोजेक्ट यांना तर लेखी परीक्षाच नाही, तिथे हजर राहिल्याशिवाय क्रेडिट मिळत नाही. अशा मुलांनी सकाळचं कॉलेज बघावं आणि ओजेटीबद्दल आधीच विचारून ठेवावं. ओजेटी ४ क्रेडिटची, म्हणजे १२० तास, आणि आर्टिकलशिपचंच काम त्यात धरणार का हे कॉलेजवर आहे. काही ठिकाणी धरतात, काही ठिकाणी वेगळं पत्र लागतं. बाकीची मुलं ओजेटीला काय करतात विचाराल तर, ओळखीच्या काकांच्या ऑफिसचं लेटरहेड आणतात. खरं काम न करता १२० तासांचं पत्र आणलं की सगळ्यात जास्त शिकायला मिळणार होतं तीच ४ क्रेडिट रिकामी जातात.

"कॉलेजात चॉइसच नसतो, मग एवढं सगळं वाचून काय करू?"

हा सगळ्यात खरा आक्षेप. कागदावर बास्केटमध्ये वीस विषय आणि प्रत्यक्षात वर्गात एक, तोही ज्या सरांचा वर्कलोड भरायचाय त्यांचा. गावाकडच्या, एकाच शाखेच्या कॉलेजात तर दुसऱ्या शाखेचा ओई आणणार कुठून, तिथे सायन्स-आर्ट्सच नसतं. नुसती कॉमर्सची मोठी कॉलेजंही यातून सुटलेली नाहीत.

यावर दोन गोष्टी करता येतात. एक, फी भरायच्या आधी मागच्या वर्षी "प्रत्यक्ष चाललेले" मायनर आणि ओई विचारा, प्रॉस्पेक्टसमधले नाही. एसवायच्या कुठल्याही मुलाकडून टाइमटेबलचा फोटो मागवा, त्यात खरं कळतं. दुसरं, स्वयम् या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन कोर्स असतात, यूजीसीच्या नियमानुसार एका सेमिस्टरचे ४० टक्क्यांपर्यंत कोर्स तिथून करता येतात आणि त्यांचे क्रेडिट खात्यात येतात, पण त्याला तुमच्या कॉलेजची आणि युनिव्हर्सिटीची आधी मंजुरी लागते. सेमिस्टर सुरू व्हायच्या वेळीच अर्ज द्या आणि त्यावर पोच घ्या. कोर्स करून झाल्यावर मंजुरी मागायला गेलात तर खिडकीवर "आता काही होत नाही" एवढंच ऐकायला मिळेल, आणि त्यांचं बरोबर असेल.